डॉक्टर अनीतांचा आवाज

२०१२ साली बिहारमधल्या आशा कार्यकर्त्यांच्या पिशवीत एक कॅट आला. पत्त्यांसारखीच रंगीत चित्रांची कार्डं, पण एका कडीत ओवलेली. नाव ‘मोबाइल कुंजी’. गरोदर बाईच्या अंगणात बसून आशाताईने चित्र दाखवायचं, कार्डावर छापलेला नंबर आपल्या साध्या फोनवरून लावायचा आणि फोन तिच्या कानाशी द्यायचा. पलीकडून डॉक्टर अनीता बोलू लागत. कॉलला पैसे पडत नसत.

डॉक्टर अनीता नावाची कुणी बाई प्रत्यक्षात नव्हती. बीबीसी मीडिया अ‍ॅक्शन या संस्थेने ते पात्र घडवलं होतं. तेव्हा तिथल्या दहा टक्के आयांनीही आयुष्यात कधी एसएमएस पाठवला नव्हता, त्यामुळे लेखी निरोप त्यांच्यापर्यंत पोचणारच नव्हता. आवाजाला मात्र अक्षरओळख लागत नाही.

तरीही नुसता आवाज पुरला असता असं वाटत नाही. अनोळखी नंबरवरचा सल्ला कोण मानतं? आशाताई बहुधा गावचीच सून. तिला घरात शिरता येतं, पण ‘ही आम्हाला काय शिकवणार’ असं म्हणणारी सासूही त्याच घरात असते. डॉक्टरांच्या आवाजाने आशाताईच्या शब्दाला वजन आलं, आणि तिच्या ओळखीमुळे तो परका आवाज घरात आला. लोकांनी फोनवरची आरोग्यसेवा आपलीशी केली ती या जोडगोळीमुळे. त्यात यंत्राचं कौतुक फार थोडं.

पुढच्याच वर्षी थेट आयांच्या फोनवर आवाजी संदेश पाठवणारी ‘किलकारी’ आली. सुरुवातीला एका संदेशाला एक रुपया पडे. जानेवारी २०१६मध्ये केंद्र सरकारने ती देशपातळीवर नेली, तेव्हा रुपयाची अट गेली. नाव नोंदवायला वेगळा खटाटोपही उरला नाही. गरोदरपणाची सरकारी नोंद झाली की चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ कॉल आपोआप येतात.

पण कॉल येतो कुणाच्या फोनवर? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका देशभरात ५४ टक्के निघाल्या. मध्य प्रदेशातल्या चार जिल्ह्यांत किलकारीची कसून तपासणी झाली. आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर थोडा वाढलेला दिसला, निव्वळ स्तनपानात मात्र फरक पडला नाही. फोन नवऱ्याच्या खिशात असेल, तर दुपारी आलेला कॉल शेतात किंवा बांधकामावरच वाजून बंद होतो. ही अडचण बाईच्या अनास्थेची नाही, हे ठासून सांगायला हवं.

फेब्रुवारी २०२४मध्ये किलकारी मराठीत आली. आता आपल्याकडच्या आशाताईही नोंदीसाठी पहिल्यांदा विचारतात ते नाव, आणि मग नंबर. पुष्कळदा बाई दाराकडे वळून नवऱ्याला हाक मारते, “अहो, तुमचा नंबर सांगा.”