पायाची बोटं हलव

तुमचं वय तेरा. पाठीची उजवी बाजू वर आली आहे, कंबर एकीकडे ढळली आहे, दोन जिने चढले की धाप लागते. कण्याचा हा बाक घेऊन तुम्हाला चोवीसशे वर्षांचा प्रवास करायचा आहे. मुक्कामागणिक वैद्य बदलतील, बाक तोच राहील.

पहिला मुक्काम ग्रीस, इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपास. तुम्हाला एका शिडीला करकचून बांधलंय. दोरांनी शिडी उंच ओढली जाते. खाली बघ्यांची गर्दी. दोर सुटतात आणि शिडी तुमच्यासकट खाली आदळते. या हिसक्याने कणा ताणून सरळ होईल, असा हिशेब. हिपोक्रेटिसच्या नावावरच्या सांध्यांविषयीच्या ग्रंथात ही रीत सविस्तर लिहिली आहे. पण तिथेच बजावलंय की, शिडीने कुणाची पाठ सरळ झाल्याचं माहीत नाही. लोकांना थक्क करून सोडायचं असतं, तेच वैद्य तिच्या मागे लागतात.

आता न्यूयॉर्क, १८७० चं दशक. बेलव्ह्यू हॉस्पिटलचे डॉ. लुईस सेअर तुम्हाला तिवईखाली उभं करतात. हनुवटीखाली आणि काखांत पट्टे अडकवून कप्पीने वर ओढतात. टाचा उचलल्या जातात, वजन मानेवर येतं. तशाच लोंबत्या अंगाभोवती प्लास्टरच्या ओल्या पट्ट्यांचे वेढे बसतात. प्लास्टर आवळताना छातीला कोमट लागतं. आरशात तुम्ही उंच दिसता. पण आतल्या हाडांना कुणी हात लावलेला नाही. प्लास्टर काढलं की बाक हळूहळू परत येणार.

त्याच शहरात १९१४ साली डॉ. रसेल हिब्ज हाडांपर्यंत पोहोचतात. मणक्यांच्या मागच्या भागांचे कपचे उचलून ते एकमेकांवर असे रचतात की, काही महिन्यांत अनेक मणक्यांचं मिळून एकच हाड व्हावं. क्षयाने पोखरलेल्या मणक्यांवर त्यांनी आधी हीच रीत वापरली होती. तुम्ही महिनोन् महिने प्लास्टरमध्ये पडून राहता. कधी हाड जुळतं, कधी जुळत नाही. जुळलं तरी बाक आहे तिथे थांबतो, सरळ होतोच असं नाही.

ह्यूस्टन, १९५० चं दशक सरत आलंय. इथे तुमच्या बाकाला कारण आहे : पोलिओ. बरगड्यांमधले स्नायू गेलेत, श्वास उथळ आहे, छातीभोवती प्लास्टर सहन होत नाही. अशी मुलं वॉर्डात ओळीने आहेत. म्हणूनच डॉ. पॉल हॅरिंग्टन यांच्या मनात आलं की, आधार बाहेरून देता येत नसेल तर तो आतच बसवावा.

तुम्ही पालथे झोपलेले. मानेखालपासून कमरेपर्यंत पाठ उघडली आहे, स्नायू दोन्हीकडे बाजूला सारलेत. बाकाच्या आतल्या, खोलगट बाजूला वरच्या मणक्यात एक आकडा आणि खालच्या मणक्यात दुसरा. दोहोंमध्ये पोलादी सळई, तिच्या एका टोकाला खाचा. गाडीखालचा जॅक चढवावा तसा वरचा आकडा एकेक खाच पुढे सरकतो. खट्. पुन्हा खट्. प्रत्येक खाचेला दोन टोकं दूर जातात आणि मधला बाक उलगडतो.

शिडीने जे कधीच साधलं नाही, ते इथे डोळ्यांदेखत होतंय. पण पहिल्या काही सळया मोडल्या. रोजच्या हालचालीने धातू थकतो, म्हणून सळईच्या जोडीला हाड जुळवणंही लागलं. धातू मोडण्याआधी हाड जुळायला हवं, अशी ती शर्यत. हॅरिंग्टन यांनी आपलं काम १९६२ साली प्रसिद्ध केलं आणि ही सळई जगभर पोहोचली.

दुसरी भीती याहून मोठी. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. कणा ताणला की तोही ताणला जातो, त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. पाठ सरळ झाली आणि पाय कायमचे गेले, असं होऊ शकतं. आणि भुलीत असलेलं मूल काही सांगू शकत नाही.

म्हणून आता फ्रान्समधलं लियाँ, १९७३. डॉ. पियेर स्तान्यारा आणि त्यांचे सहकारी भूल अर्ध्यावर उतरवतात. काय होणार ते तुम्हाला आधीच समजावून सांगितलेलं असतं. पाठ उघडी आहे, सळई ताणलेली आहे, घशात नळी आहे. खूप लांबून आवाज येतो, "मूठ आवळ." तुम्ही आवळता. म्हणजे ऐकू येतंय. मग, "पायाची बोटं हलव." सगळे हात थांबलेत, सगळे डोळे तुमच्या पायांकडे. मूठ आवळली आणि पाय निश्चल राहिले, तर सळई तिथल्या तिथे सैल करायची. तुमचा अंगठा हलतो. भूल पुन्हा गडद होते.

पॅरिस, १९८३. डॉ. इव्ह कोत्रेल आणि डॉ. झाँ द्युबूसे दोन सळया आणि बरेच आकडे बसवतात आणि सळई फिरवून कण्याचा पीळ सोडवतात. कारण हा बाक नुसता डावा-उजवा नसतो, मणके स्वतःभोवतीही फिरलेले असतात. ऑपरेशननंतर तुम्हाला प्लास्टर नाही.

आणि आज. बाक शंभर अंशांच्या पुढे असेल, तर आधी डोक्याभोवती कडं बसवून वजनाने कणा काही आठवडे हळूहळू ताणतात. तेवढ्यात फुप्फुसांनाही थोडी जागा मिळते. मग मणक्यांत स्क्रू, गरज पडली तर एक अख्खा मणका काढणं. मज्जारज्जूतून जाणारे विद्युतसंकेत सतत पडद्यावर दिसतात. शंका आली तर आजही रुग्णाला जागं करून बोटं हलवायला सांगतात. धोका संपलेला नाही आणि जुळवलेला भाग पुन्हा वाकत नाही. कणा पट्टीसारखा सरळ झालाच पाहिजे, असा हट्ट चांगला सर्जन धरत नाही. डोकं कमरेवर तोललेलं, श्वास मोकळा आणि पाय शाबूत, हे त्याचं यश.

प्रवास संपला. आता तुमच्या घरातल्या दहा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलीकडे पाहा. "पोक काढू नकोस" म्हणून रागावल्याने हा बाक जात नाही, आणि तो दप्तराच्या ओझ्यानेही येत नाही. बहुतेक वेळा त्याचं कारण सापडतच नाही. मुलाला उघड्या पाठीने, गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. पाठीची एक बाजू वर आलेली दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाऊन एक्स-रे काढून घ्या. वाढीच्या वयात बाक लहान असतानाच सापडला, तर पाठीच्या पट्ट्याने तो अनेकदा आवरता येतो आणि ऑपरेशन टळतं. ही तपासणी एका मिनिटाची आहे. आजच करा.