हप्त्याहप्त्याने बांधलेलं संग्रहालय

जपानच्या शिकोकू बेटावर मात्सुयामा नावाचं शहर आहे. तिथे किल्ल्याच्या टेकडीखाली काँक्रीट आणि काचेची एक त्रिकोणी इमारत २००७ साली उभी राहिली. वास्तुकार तादाओ आन्दो. ही इमारत एखाद्या राजाच्या किंवा साधूच्या नावाने बांधलेली नाही, ती बांधली एका कादंबरीपायी. आपल्याकडे ‘स्वामी’ वाचून माधवरावांवर जीव जडलेले पुष्कळ. पण पुणे महापालिकेने कादंबरीच्याच नावाचं संग्रहालय उभारल्याचं काही ऐकिवात नाही.

कादंबरी ‘साका नो उए नो कुमो’, म्हणजे चढावरचा ढग. शिबा र्योतारो यांनी ती १९६८ ते १९७२ या काळात ‘सान्केई’ दैनिकातून लिहिली. त्या १,२९६ हप्त्यांनी आत एक अख्खी भिंत व्यापली आहे. इमारतीत जिन्यापेक्षा उतरणीच जास्त, त्यामुळे चढत चढतच सगळं बघायचं. गुडघ्यांची तक्रार असूनही त्या भिंतीपाशी मी बराच वेळ उभा होतो. जपानी मला वाचता येत नाही. पण रोजच्या रोज मजकूर पुरवणाऱ्या माणसाची दमछाक बघायला भाषा कशाला हवी?

कादंबरीतली तिघं याच गावची: योशिफुरू आणि सानेयुकी हे अकियामा बंधू आणि कवी मासाओका शिकी. सानेयुकी जन्मला १८६८ साली, नेमकी सत्ता शोगुनकडून सम्राटाकडे गेली तेव्हा. मात्सुयामा संस्थान शोगुनच्या बाजूचं, म्हणून नव्या सरकारने दीड लाख र्यो दंड ठोकला. अकियामांचं घर खालच्या दर्जाच्या सामुराईचं. त्यात हा पाचवा मुलगा. त्याला मठात देऊन टाकावं असं घरात घाटत होतं. तेव्हा लहानगा योशिफुरू मध्ये पडतो: देऊ नका, मी शिकून तोफूच्या वडीएवढी जाड नोटांची थप्पी आणीन. एवढं बोलून तो सार्वजनिक न्हाणीघराच्या चुलाण्यात लाकडं सारायला जातो. पुढे जिथे फी पडत नाही तिथे शिकायचं, या हिशेबाने आधी शिक्षकांची शाळा आणि मग लष्करी शाळा. जपानी घोडदळाचा हा शिल्पकार लष्करात आला तो असा, पोटासाठी. १८८७ मध्ये जुन्या संस्थानिकाचा वारस हिसामात्सु सादाकोतो फ्रान्समध्ये लष्करी शिक्षण घेत होता. त्याच्या सोबतीला योशिफुरूला पाठवलं. त्याच सादाकोतोने १९२२ मध्ये बांधलेला फ्रेंच थाटाचा बंगला संग्रहालयाच्या काचेतून दिसतो. मालक आणि सोबती असे शेजारी आलेले पाहून मला मौज वाटली.

शिकीशी आपलं नातं हायकूचं. शिरीष पैंनी तो काव्यप्रकार मराठीत रुजवला आणि हायकूला आधुनिक रूप दिलं ते शिकीने. मणक्याच्या क्षयाने १९०२ मध्ये तो गेला, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. तेव्हा कादंबरी निम्मीही झालेली नसते. पुढे सगळी रशियाशी लढाई. त्सुशिमाच्या सागरी युद्धात सानेयुकी जपानी आरमाराचे सेनापती तोगो यांच्या हाताखाली डाव आखतो आणि १९०५ चा तो विजय जगभर गाजतो. युरोपातल्या बड्या सत्तेला आशियातल्या देशाने लोळवलं, याचं अप्रूप पुण्या-मुंबईलाही होतंच. पण हे युद्ध पेटलं कोरिया आणि मांचुरियावरून, आणि १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला. कादंबरीतल्या टवटवीत, उमद्या जपानमध्ये कोरियन माणसाला फारशी जागा नाही. इतिहास शिकवण्यात हयात गेलेल्या मला हे खटकतं.

शिबांनाही धोका कळत असावा. ते स्वतः रणगाडा दलात होते, १९४५ चा विचका त्यांनी आतून पाहिला होता. आपल्या कादंबरीतून युद्धाचे गोडवे गायले जातील या धास्तीने हयातभर त्यांनी तिच्यावर चित्रपट-मालिका होऊ दिली नाही. १९९६ मध्ये ते वारले. मालिका आली २००९ मध्ये. नगरपालिका तर आणखी पुढे गेली: अख्खं शहरच संग्रहालय मानायचं आणि ही इमारत त्याचा गाभा. अकियामांचं घर १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळलं होतं, तेही पुन्हा बांधून काढलं.

मला विचाराल तर या तिघांत माझा माणूस म्हातारा योशिफुरू. लष्करात जनरलच्या हुद्द्याला पोचलेला हा गृहस्थ १९२४ मध्ये गावी परतून एका खाजगी शाळेचा मुख्याध्यापक झाला. पोरं म्हणजे शिपाई नव्हेत असं म्हणत त्याने कवायतीचे तास कमी केले. शाळेच्या वाटेवरचे दुकानदार त्याला बघून घड्याळं लावायचे म्हणतात. १९३० पर्यंत त्याने ती नोकरी केली आणि त्याच वर्षी तो वारला.