बाणाचें टोंक आणि लहान शिकार

बाण म्हटला कीं अणकुचीदार लोखंडी टोंक डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ससा, तितर यांसारख्या लहान शिकारीच्या बाबतींत जितकी धार अधिक तितका लाभ अधिक, हा समज टिकत नाहीं. रुंद व धारदार पातें पांखराच्या आरपार जातें, मांस फाटतें, आणि नेम चुकला तर बाण मातींत किंवा झाडांत रुतून बसतो. म्हणूनच सातपुड्यांतील भिल्ल पांखरांसाठीं बोथट टोंकाचे बाण वापरीत. बोथट बाण भोंसकत नाहीं. तो आघातानें भक्ष्य खालीं पाडतो, आणि पुन्हा हातीं येतो.

राजदरबारीं वाढलेल्या धनुर्विद्येची दृष्टि निराळी होती. इ. स. १३६३ मधील 'शार्ङ्गधरपद्धति' या संग्रहांत बाणाच्या फळांचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतील सूचीमुख कवच भेदण्यासाठीं, तर अर्धचंद्र छेदण्यासाठीं. तेथें समोर शत्रु आहे. शिकाऱ्यापुढें मात्र प्रश्न संध्याकाळच्या भाकरीबरोबरच्या कालवणाचा असतो.

हा प्रश्न भीमेच्या खोऱ्यांत किती जुना आहे, याची साक्ष जमिनींतून मिळाली आहे. इंदापूर तालुक्यांतील जुनें पळसदेव १९८० मध्यें पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयांत गेलें; अवर्षणाच्या वर्षीं पाणी ओसरलें म्हणजे पळसनाथाचें मंदिर पुन्हा दिसूं लागतें. याच भीमेला वरच्या अंगास घोड नदी मिळते, आणि तिच्या कांठीं, शिरूर तालुक्यांत, इनामगांव आहे. तेथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत केलेल्या उत्खननांत इ. स. पूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांची वसाहत उजेडांत आली.

त्या लोकांना तांबें ठाऊक होतें, पण तें दुर्मिळ होतें. नित्याचीं पातीं कॅल्सेडनी या गारगोटीचीं असत. दख्खनच्या काळ्या खडकांतून सुटलेली ही गारगोटी नदीपात्रांत विपुल मिळते. पात्याचे तुकडे करून त्यांची एक कड बोथट केली कीं इवल्याशा चंद्रकोरी व त्रिकोण होत. डिंकासारख्या चिकट द्रव्यानें असे तुकडे काडीला बसवून बाण करीत असावेत, असें पुरातत्त्वज्ञ मानतात. एक तुकडा गळला तर दुसरा बसवावा, खर्च मेहनतीचाच.

या स्वस्त टोंकाचें मोल दुष्काळांत कळलें. इ. स. पूर्वीं सुमारें १००० नंतर हवामान कोरडें होत गेलें, शेतीचा आधार खचला, आणि चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोपड्या आल्या, असें उत्खननकर्ते म. के. ढवळीकर यांनीं मांडलें. पिकानें दगा दिल्यावर शिकारीचें महत्त्व वाढलें.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशा शिकारीचा काळ सरला, आणि तें योग्यच झालें. परंतु नखाएवढ्या त्या गारगोट्या एक गोष्ट सांगून जातात: दुष्काळी मुलखांत माणसाला तारणारें हत्यार सर्वांत तीक्ष्ण असेलच असें नाहीं, तें मोडल्यावर पुन्हा सहज घडवितां आलें पाहिजे.