कुत्रं निवडायचं कसं : दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं ऐका



आमच्या माणदेशात सध्या नवीन वारं आलंय. डाळिंबाचे चार पैसे झाले की पोरं कुत्रं बघायला जातात. कुणी लॅब्राडोर आणतो, कुणी रॉटवायलर. एकाने तर हस्की आणलं. ते बिचारं एप्रिल-मे महिनाभर गोठ्यातल्या पाण्याच्या हौदाला चिकटून होतं. ज्याचे पूर्वज सैबेरियाच्या बर्फात गाड्या ओढायचे, त्याला आमच्या बेचाळीस डिग्रीत आणून राखणीला बसवायचं, ह्याला काय म्हणावं?

शेतकऱ्याचं जगणं सगळं उघड्यावरचं. दिवसाला पाच-सहा किलोमीटर चालणं होतंच. रात्री लाइटीची पाळी आली की दोन वाजता मोटार चालू करायला जावं लागतं. बरोबर शेळ्या, आणि ओढ्यापलीकडे लांडगा. अशा माणसाने कुत्रं कोणतं घ्यावं, हा प्रश्न आजचा नाही. माझी मुलगी कृषी पदवीला आहे. तिने जुन्या रोमन लोकांच्या शेतीच्या पुस्तकांतला मजकूर इंग्रजीतून वाचून मला मराठीत सांगितला. मी ऐकतच बसलो. वाटलं, हे गडी आमच्याच तालुक्यातले असणार.

पहिला व्हॅरो. इ.स.पूर्व 37 च्या सुमाराला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्याने शेतीवर पुस्तक लिहिलं. दुसरा कोलुमेला. हा मूळचा स्पेनमधल्या आजच्या कादिझ गावचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याने शेतीचे बारा भाग लिहिले. त्यात नांगर आहे, द्राक्ष आहे, मधमाशी आहे आणि कुत्रंही आहे.

कोलुमेला कुत्र्यांचे सरळ तीन भाग पाडतो. एक वस्ती राखणारं, दुसरं मेंढरं राखणारं, तिसरं शिकारीचं. वस्तीचं कुत्रं अंगाने दांडगं आणि आवाजाने मोठं पाहिजे. चोराने आधी आवाजाला भ्यावं, मग रूपाला. ते पळण्यात कमी असलं तरी चालतं, कारण त्याला वस्ती सोडून कुठं जायचंच नाही. रंग काळा असावा. दिवसा बघणाऱ्याला धडकी भरते आणि रात्री अंधारात ते दिसत नाही. स्वभाव फार गरीब नको, नाहीतर चोरापुढंही शेपूट हलवील. फार तापटही नको, नाहीतर घरच्यांनाच चावंल.

मेंढरांचं कुत्रं मात्र पांढरं असावं, असं त्याचं म्हणणं. का? तर पहाटे किंवा दिवेलागणीला अंधुक उजेडात मेंढपाळ लांडगा समजून आपल्याच कुत्र्याला मारायचा! हे ज्याने रान बघितलंय त्यालाच सुचणार. अंगाने हे कुत्रं मधलं हवं. शिकारीच्या कुत्र्याइतकं सडपातळ नको आणि वस्तीच्या कुत्र्याइतकं जडही नको. लांडग्याच्या मागं पळायचं आहे आणि गाठल्यावर झुंजायचंही आहे.

आणि तिसरं, शिकारीचं? त्याच्याबद्दल कोलुमेला म्हणतो की शेतकऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, उलट ते माणसाला कामावरून उठवतं आणि आळशी करतं. मी हसलो खरा, पण आमच्या गावातली दोन-तीन तोंडं लगेच डोळ्यांपुढं आली.

आता इथं आपल्याकडच्या कारवानी कुत्र्याची गोष्ट निघते. सोलापूर, सांगली, लातूरपासून खाली कर्नाटकात बागलकोटपर्यंत हा कुत्रा आहे. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पोट आत ओढलेलं. अंगावर लांब केस असले तर आपण पश्मी म्हणतो. हा वासापेक्षा नजरेवर शिकार करतो. लांबवर काही हललं की सुटला. मुधोळच्या घोरपडे संस्थानचे राजे मालोजीराव यांनी ही जात जपली आणि इंग्लंडचा बादशहा पाचवा जॉर्ज याला तिची जोडी भेट दिली, म्हणून बाहेर मुधोळ हाउंड हे नाव झालं. 2005 साली टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात हा होता. पुढे लष्करानेही मेरठच्या केंद्रात ह्याची पिल्लं शिकवायला घेतली.

ह्या कुत्र्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. आणि शिकारीच्या कुत्र्याचा मान ह्या दख्खनेत किती जुना आहे ते बघा. इ.स. 949 मध्ये तक्कोलमची लढाई झाली. मान्यखेटचा राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याच्या बाजूचा गंग राजा बुतुग एकीकडे, चोळ दुसरीकडे. चोळांचा राजपुत्र राजादित्य त्यात पडला. बुतुगाच्या मनलेर नावाच्या वीराने पराक्रम केला, तेव्हा राजा म्हणाला, माग काय मागायचं ते. माणसाने गाव मागितलं असतं, सोनं मागितलं असतं. ह्याने राजाची काळी नावाची कुत्री मागितली. पुढं ती एका मोठ्या रानडुकरावर सोडली आणि दोघंही झुंजता झुंजता मेली. तिच्यासाठी अतकूर गावात देवळापुढं दगड उभा केला आणि जमीन लावून दिली. तो कोरीव दगड आज बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. हजार वर्षं झाली, कुत्रीचं नाव अजून वाचता येतं.

पण मंडळी, ती कुत्री वीराची होती, राजाच्या घरची होती. शिकार हेच तिचं काम होतं. आज 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते काम संपलंय. कारवानी पिल्लू आणायचं, साखळीला बांधायचं, आणि सुटलं की ते सशामागं किंवा शेजाऱ्याच्या शेळीमागं पळतं म्हणून त्याला काठी घालायची, हे त्या जातीशी वैर आहे. ज्याचं रान मोठं आहे, जो रोज सकाळी त्याच्याबरोबर मोकळं पळू शकतो आणि लहानपणापासून त्याला शेळ्या-कोंबड्यांत वाढवील, त्याने जरूर घ्यावा. माझ्याकडं सव्वादोन एकर बाग आणि चौदा शेळ्या आहेत. भाच्याने मुधोळकडचं पिल्लू बघून ठेवलंय, पण मी नाही म्हणालो.

परदेशी जातींचंही तेच आहे. कोणती जात कुणी कशासाठी केली ते आधी बघा. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे. थंडगार पाण्यात उडी मारून जाळी आणि सुटलेले मासे ओढायचं काम. आमच्या माणदेशात तेवढं पाणी असतं तर आम्हीच उड्या मारल्या असत्या. डोबरमन केला जर्मनीतल्या अपोल्डा गावच्या कर वसूल करणाऱ्या माणसाने, फिरताना अंगाला संरक्षण पाहिजे म्हणून. आपण ज्याला अल्सेशियन म्हणतो तो मूळ जर्मन मेंढपाळांचा कुत्रा. 1899 साली श्टेफानिट्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने कामाचा एक कुत्रा निवडून ही जात बांधायला घेतली. त्याचं म्हणणं, रूप नंतर, काम आधी. आज दुकानातली पिल्लं बघा, कंबर किती खाली आलीय.

परत व्हॅरोकडे येतो, कारण मेंढरांच्या कुत्र्याबद्दल त्याच्याइतकं कुणी लिहिलेलं नाही. तो सांगतो, मेंढरांसाठी कुत्रं खाटकाकडून घेऊ नका, ते कळपामागं चालायला आळस करतं. शिकाऱ्याकडून घेऊ नका, ससा दिसला की मेंढरं सोडून पळंल. मेंढपाळाकडूनच घ्या, ज्याला मेंढरांमागं चालायची सवय आहे ते. मग गोष्ट सांगतो. पुब्लियस औफिडियस नावाच्या एका माणसाने उंब्रियात कळप विकत घेतले, कुत्र्यांसकट. जुन्या मेंढपाळांनी कळप लांब दक्षिणेला पोचवले आणि घरी परत आले. काही दिवसांनी कुत्रीही मागोमाग उंब्रियात हजर! कित्येक दिवसांची वाट, शिकवणारं कुणी नाही, रानात मिळेल ते खात आली. जीव माणसात लागलेला, कळपात नाही.

खाणं काय द्यायचं? जवाची भाकरी दुधात भिजवून. आमचे धनगर बाजरीची भाकरी ताकात कुस्करून घालतात, फरक एवढाच. मेलेल्या मेंढराचं मटण घालू नका, चटक लागंल, हेही त्याने लिहिलंय. लांडग्यासाठी कुत्र्याच्या गळ्यात कातडी पट्टा, त्याला बाहेरून खिळे, आणि खिळ्यांची डोकी मानेला रुतू नयेत म्हणून आतून मऊ कातडं शिवायचं. हिमाचलच्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असा लोखंडी काट्यांचा पट्टा असतो.

तर मी ठरवलंय. आता मृगाच्या तोंडावर धनगर कोकणातून परत येतील. त्यांचा तळ दरवर्षी ओढ्याकाठच्या आमच्या पडीक रानात बसतो. मेंढरं बसली की रानाला खत होतं, म्हणून ओळख जुनी. त्यांची एक भुरी कुत्री आहे, रात्री वाघरापाशी पडून असते, पण पान हललं तरी उठते. तिची पिल्लं झाली असतील तर एक मागणार आहे. आईला बघूनच पिल्लू घ्यायचं. दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडायचं नाही, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्यायची, आणि पहिल्या दिवसापासून शेळ्यांतच झोपवायचं.

सौदा कसा करायचा तेही व्हॅरोने लिहून ठेवलंय. कुणी आईबरोबर पिल्लंही धरून घेतं. कुणी दोन पिल्लं म्हणजे एक कुत्रं धरतं, जशी दोन कोकरं म्हणजे एक मेंढी. आणि एकत्र वाढलेली कुत्री शक्यतो एकत्रच घ्यावीत, असं म्हणतो. मामांना हे सांगितलं तर ते म्हणतील, मग दोन न्या आणि दोन पोती बाजरी टाका.