‘पुण्यभू’: एका संज्ञेचा प्रवास

राजकीय वक्तृत्वाचा जहालपणा सभेतील आवेशापेक्षा व्याख्येत अधिक मुरलेला असतो. रत्नागिरीच्या तुरुंगवासात लिहिलेला वि. दा. सावरकरांचा ‘हिंदुत्व’विषयक इंग्रजी ग्रंथ १९२३ साली टोपणनावाने प्रसिद्ध झाला. त्यातील ‘पितृभू’ ही अट येथील मुसलमान व ख्रिस्ती सहज पूर्ण करतात. त्यांना वगळते ती ‘पुण्यभू’. वगळण्याचे सारे कार्य अशा रीतीने एका सामासिक शब्दावर सोपविलेले आहे.

१९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेत राजकारणास बंदी होती. १९३१ मध्ये रत्नागिरीतच अस्पृश्यांसह सर्व हिंदूंसाठी पतितपावन मंदिर उघडले. आतल्या भिंती पाडणे व बाहेरची उभारणे हे एकाच व्याख्येचे उपयोजन होते. ते सुटेसुटे वाचण्याची आपली सवय मात्र जुनी आहे. बंदी उठताच, १९३७ च्या अहमदाबाद अधिवेशनात, हिंदू व मुसलमान ही दोन राष्ट्रे असल्याचे अध्यक्षपदावरून सांगितले गेले.

पुढे पार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतील प्रचारभाषणांमुळे रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. त्याच निकालात ‘हिंदुत्व’ ही सामान्यतः जीवनपद्धती होय, असेही म्हटले. ‘पुण्यभू’ची अट या अर्थनिर्णयात उरली नाही. प्रचारात पुढे फिरले ते हे दुसरे विधान.