कॅमेऱ्यातला आरसा : जुना डी३०० आणि नवा आर५०

मागचे काही भाग आपण किल्ले आणि तोफा यांच्यात घालवले. आज कॅमेऱ्याबद्दल बोलायचं आहे, आणि तेही एका अगदी व्यवहारी प्रश्नाच्या निमित्तानं. हातात पैसे बेताचे असतील तर बऱ्याच वर्षांपूर्वीचा वरच्या श्रेणीचा, आरशाचा कॅमेरा सेकंडहँड घ्यावा, की आजचा नवशिक्यांसाठीचा, बिनआरशाचा कोरा कॅमेरा घ्यावा? माझ्यासमोर टेबलावर दोन्ही ठेवले आहेत. निकॉनचा डी३००, जो २००७ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाला, आणि कॅननचा ईओएस आर५०, जो २०२३ चा. पहिला माझा, दुसरा माझ्या मुलीचा.

आकड्यांची तुलना दुकानदारही करून देतो. आपण इतिहासाकडून जाऊ. मुळात तो आरसा कॅमेऱ्यात आला कशासाठी, हे कळलं की आकडे आपोआप जागेवर बसतात.

आणि एक आधीच सांगून टाकतो. 'एसएलआर' म्हटलं की माझ्या वयाच्या फौजी माणसाच्या डोळ्यासमोर आधी ७.६२ ची सेल्फ लोडिंग रायफल येते. आज मी कॅमेऱ्याबद्दलच बोलतोय, पण रायफल मध्ये एकदा येणार आहे.

मी राहतो महूला, इंदूरच्या शेजारी. याच इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात रुरकीहून शिकून आलेला एक नकाशानवीस होता, लाला दीनदयाळ. १८७० च्या दशकात तो फोटोग्राफीकडे वळला. तुकोजीराव होळकर दुसरे आणि सर हेन्री डेली यांचा त्याला आश्रय मिळाला. पुढे तो हैदराबादच्या निजामाचा दरबारी फोटोग्राफर झाला आणि राजा दीनदयाळ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, पुढे लेन्स, मागे घासलेली काच. डोक्यावर काळं कापड घ्यायचं, काचेवरची उलटी प्रतिमा बघायची, फोकस साधायचा. मग ती काच बाजूला करून तिच्या जागी प्लेट बसवायची. म्हणजे प्लेट बसली की फोटोग्राफर आंधळा. महाराजांनी त्यानंतर मान हलवली तर ते कॅमेऱ्याच्या मागून कळायला मार्ग नाही.

आरसा आला तो या अडचणीवर उतारा म्हणून. थॉमस सटन या इंग्रज फोटोग्राफरनं १८६१ मध्येच अशा कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं होतं. लेन्सच्या मागे तिरका आरसा. तो प्रकाश वर वळवतो, वर आपण बघतो, आणि फोटो घेताना आरसा बाजूला होतो. कल्पना सोपी, पण हातात मावेल असं यंत्र व्हायला वेळ गेला. होमाई व्यारावालांच्या गळ्यात असायचा तो रोलायफ्लेक्स दुसऱ्या वाटेनं गेला. त्यात दोन लेन्स, वरची बघायला आणि खालची फोटोला. त्यामुळे बघणं थांबत नसे, पण प्रतिमा डावी-उजवी उलटी दिसे, आणि दोन लेन्स दोन वेगळ्या जागांवरून बघत.

ड्रेस्डेन शहरात १९३६ मध्ये किने एक्झाक्टा आला, ३५ मिलिमीटर फिल्मचा आरशाचा कॅमेरा. त्यात वरून खाली वाकून बघावं लागे. त्याच शहरातल्या काँटॅक्स एसनं १९४९ मध्ये वर पंचकोनी प्रिझम बसवलं आणि डोळ्यासमोर सरळ चित्र आलं. १९५४ च्या असाहीफ्लेक्स २बी मध्ये फोटो झाल्याबरोबर आरसा आपणहून खाली येऊ लागला. या सगळ्याचं पक्कं, मार खाणारं रूप म्हणजे १९५९ चा निकॉन एफ. युद्धाचे फोटो काढणारे डॉन मॅककलिन यांच्या निकॉन एफमध्ये एके-४७ ची गोळी अडकली, हे तुम्ही ऐकलं असेल. चिलखत म्हणून कॅमेरा घ्यावा असं मात्र मी सुचवणार नाही.

आता टेबलावरचा हा डी३०० बघा. लेन्स बसवण्याची त्याची पट्टी त्या १९५९ च्या एफचीच. लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत अंतर ४६.५ मिलिमीटर. एवढं कशाला? आरशाला हलायला जागा हवी म्हणून. फिल्म जाऊन सेन्सर आला तरी ही जागा तशीच राहिली. निकॉनचा पहिला स्वतःचा डिजिटल एसएलआर, डी१, १९९९ च्या जूनमध्ये जाहीर झाला. त्या जूनमध्ये आम्हा फौजी मंडळींचं लक्ष अर्थातच कारगिलकडे होतं.

खरं तर सेन्सर आला त्याच दिवशी आरशाचं काम संपत आलं होतं. फिल्म स्वतः काय बघते ते सांगू शकत नाही, सेन्सर सांगू शकतो. तरी वर्षं गेली, कारण सेन्सरवरून पडद्यावर येणारं चित्र मागे पडायचं, आणि फोकसही मंद होता. २००८ च्या शेवटी पॅनासॉनिकचा जी१ आला, आरसा काढून टाकलेला आणि लेन्स बदलता येणारा. २०१३ मध्ये सोनीनं पूर्ण आकाराच्या सेन्सरचा ए७ आणला. निकॉन आणि कॅनन पूर्ण आकारात उतरले ते २०१८ मध्ये. निकॉनच्या नव्या झेड बैठकीत ते अंतर ४६.५ वरून १६ मिलिमीटर झालं, कॅननचं ४४ वरून २०. आरशाची खोलीच पाडून टाकली म्हणा ना.

आता रायफल. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस करणारा सेन्सर वेगळा असतो, तळाशी. मुख्य आरशामागे एक छोटा आरसा त्याच्याकडे थोडा प्रकाश पाठवतो. फोटो घेणारा सेन्सर मागे. म्हणजे नेम धरणारा एक आणि गोळी झेलणारा दुसरा. दोघांच्या अंतरात केसाएवढा फरक पडला तरी फोकस माणसाच्या डोळ्याऐवजी कानावर बसतो. रायफलचीही तीच गोष्ट. नळी एक, साईट दुसरी, म्हणून प्रत्येक जवान फायरिंग रेंजवर आपली रायफल झिरो करून घेतो. डी३०० मध्ये यासाठी खास सोय दिली आहे, मेन्यूत जाऊन उणे २० ते अधिक २० पर्यंत फोकस मागेपुढे सरकवता येतो. वरच्या श्रेणीचा कॅमेरा म्हणजे काय, तर झिरो करण्याची सोय असलेला.

आर५० ला याची गरजच नाही. त्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागलेला आहे. डावा भाग आणि उजवा भाग काय बघतात यांची तुलना होते आणि लेन्स किती व कुठल्या दिशेला सरकवायची ते कळतं. साईट आणि नळी एकच झाली. डी३०० चं तंत्र मागासलेलं होतं असं नाही. ५१ फोकस बिंदू, त्यातले १५ आडवं-उभं दोन्ही बघणारे. पण उडणाऱ्या पक्ष्याचा माग काढताना रंग ओळखायला त्याच्याकडे होता १,००५ पिक्सेलचा प्रकाशमापक. आर५० तेच काम मुख्य सेन्सरवर करतो, आणि हा डोळा, हा चेहरा, हा पक्षी, ही गाडी, असं ओळखतो. सकाळी सिरपूरच्या तलावावर खंड्याच्या मागे लागलो की हा फरक वाद घालण्यापलीकडचा असतो. डी३०० वर सूर मारणारा खंड्या पकडायला हात तयार लागतो. आर५० वर मुलगी चहा पिता पिता पकडते. मला याचा थोडा राग येतो, पण चित्र तिचं चांगलं येतं.

मग डी३०० मध्ये उरलं काय? पुष्कळ. अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, धूळ-ओलाव्याला आवर घालणारं. बॅटरीशिवाय वजन सुमारे ८२५ ग्रॅम. आर५० बॅटरी आणि कार्डासकट ३७५. थंडीत हातमोजे घालून डी३०० चं प्रत्येक बटण सापडतं, कारण आयएसओला वेगळं बटण, व्हाइट बॅलन्सला वेगळं, बोटाला एक चक्र आणि अंगठ्याला दुसरं. आर५० ला एकच चक्र, बाकी पडद्यावर बोटं फिरवा. डी३०० एका चार्जवर प्रमाण चाचणीत सुमारे हजार फोटो काढतो, कारण त्याच्या व्ह्यूफाइंडरला वीज जवळजवळ लागतच नाही. तिथे दिसतो तो खरा प्रकाश. आर५० च्या खिडकीत एक छोटा टीव्ही आहे आणि तो सतत बॅटरी खातो.

पण अंधारात पारडं फिरतं. आरसा आहे तेवढाच प्रकाश दाखवतो. टीव्ही तो वाढवून दाखवतो. साधी दुर्बीण आणि रात्री बघायचं नाईट व्हिजन, यांत जो फरक तोच. शिवाय फोटो किती उजळ येणार ते खटका दाबण्यापूर्वीच दिसतं. आरशाच्या कॅमेऱ्याची जुनी खोड तर गेलेलीच नव्हती. फोटो घेतला जातो नेमका त्याच क्षणी आरसा वर असतो आणि खिडकी काळी होते. म्हणजे दीनदयाळांचं आंधळेपण नाहीसं झालं नव्हतं, सेकंदाच्या छोट्या तुकड्याएवढं उरलं होतं.

हे सगळं मी नुकतंच आमच्या पलटणीतल्या एका हवालदाराला फोनवर सांगितलं. निवृत्त होऊन गावी गेलाय, सातारा जिल्ह्यात. लग्नाचे फोटो काढून चार पैसे मिळवायचे म्हणतो. "साहेब, शहरातला एक जण जुना डी३०० देतोय, लेन्ससकट, अगदी स्वस्तात. प्रोफेशनल मॉडेल आहे म्हणतो. घेऊ का?" निवृत्तीचे पैसे आहेत, मुलीचं शिक्षण व्हायचंय. इथे हौस वेगळी आणि पोट वेगळं.

मी त्याला नको म्हणालो. डी३०० मध्ये व्हिडिओ नाहीच. एसएलआरमध्ये व्हिडिओ आला तो पुढच्या वर्षी, निकॉनच्याच डी९० पासून, आणि आज लग्नवाले फोटोआधी व्हिडिओ मागतात. मांडवातल्या संध्याकाळच्या उजेडात आयएसओ १६०० च्या पुढे नेला की डी३०० च्या चित्रात दाणे उठतात. सेन्सरही १२ मेगापिक्सेलचा. आर५० चा २४. सोळा वर्षांत सेन्सर किती पुढे गेले ते त्या दाण्यांत दिसतं. सप्तपदीच्या वेळी नवरा-नवरीच्या डोळ्यांवर फोकस कॅमेऱ्यानंच ठेवला, तर पहिल्या वर्षी त्याची अब्रू राहील.

दोन गोष्टी मात्र बजावल्या. आर५० चा पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर आवाज करत नाही म्हणून मोह होतो, पण तो सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचतो. मांडवातल्या एलईडी दिव्यांखाली चित्रावर काळे पट्टे येऊ शकतात, आणि वेगानं हलणारी वस्तू वाकडी दिसते. लग्नात तो बंद ठेवायचा. दुसरं, बॅटऱ्या किमान तीन. आणि लेन्स हळदीच्या अंगणात बदलायची नाही, कारण लेन्स काढली की सेन्सर समोर उघडा असतो, त्याच्यापुढे आता आरसा नाही.

हौस म्हणून प्रकाश शिकायचा असेल तर माझं उत्तर उलटं आहे, डी३०० घ्या. जुन्या निकॉन लेन्स स्वस्तात मिळतात, आणि कॅमेऱ्याच्या अंगातच मोटर असल्यानं जुन्या एएफ लेन्सही फोकस करतात. घेण्यापूर्वी एक फोटो काढून त्याच्या माहितीतून शटर किती वेळा चाललं ते बघून घ्या. कंपनीनं ते दीड लाख वेळा तपासलेलं आहे. लाखाच्या पुढे आकडा दिसला तर किंमत आणखी खाली आणा.

पुढच्या भागात दुर्बीण.