लाखमेण व मिरजेचा वाद्यव्यवसाय

लाखमेण : लाखेच्या किड्यापासून (केरिया लॅका) मिळणाऱ्या रेझिनात सु. ४ ते ६ टक्के असणारे नैसर्गिक मेण. पळस, बोर, कुसुम इ. वृक्षांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे वाढतात व स्वतःभोवती रेझिनाचे कवच स्रवतात. जेम्स कर यांनी १७८१ मध्ये या किड्याचे शास्त्रीय वर्णन केले. फांद्यांवरून खरवडलेली लाख धुऊन दाणेदार लाख व ती वितळवून पातळ पापुद्र्यांच्या रूपातील चपडा (शेलॅक) तयार करतात. रेझीन अल्कोहॉलात विरघळते. मेण थंड अल्कोहॉलात विरघळत नाही, म्हणून विद्राव गढूळ दिसतो. तो गाळल्यावर मेणविरहित शेलॅक व उपपदार्थ म्हणून लाखमेण मिळते. ते कठीण असून सु. ७२° ते ८२° से. तापमानास वितळते. पादत्राणांची व फरशीची पॉलिशे, रंगीत खडू इत्यादींसाठी ते वापरतात.

महाराष्ट्रात लाख मुख्यत्वे गोंदिया, गडचिरोली या पूर्वेकडील जिल्ह्यांत होते. पश्चिमेकडे तिचा लक्षणीय उपयोग मिरजेच्या (सांगली जिल्हा, १९४९–६० या काळात दक्षिण सातारा) वाद्यव्यवसायात आढळतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी येथे सतार व तंबोरा बनविण्यास आरंभ केला, अशी परंपरा आहे. पंढरपूर भागातील भोपळा व लाकूड यांच्या सांध्यावर दमट हवेचा परिणाम होतो. त्यापासून संरक्षणासाठी व झिलईसाठी स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपड्याचे पातळ हात एकावर एक देतात. मेण राहिल्यास थराची पारदर्शकता व जलरोधकता कमी होते.

ध्वनिमुद्रिकांतही हेच रेझीन बंधक म्हणून वापरले जाई. मिरजेस स्थायिक झालेले गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचे गायन ७८ फेऱ्यांच्या शेलॅक तबकड्यांमुळे टिकून राहिले. पुढे व्हिनिल तबकड्यांमुळे शेलॅकची ही मागणी संपली व वाद्यांसाठीही संश्लेषित रोगणे प्रचारात आली. ती अधिक टिकाऊ असली, तरी कठीण झालेला त्यांचा थर स्पिरिटने विरघळत नाही. चपड्याचा थर मात्र पुन्हा विरघळवून जुन्या तंबोऱ्याची दुरुस्ती करता येते. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्य पिढ्यान् पिढ्या वापरात राहावयाचे, तर दुरुस्तीची ही सोय झिलईइतकीच महत्त्वाची ठरते.